ऑल-इन-वनचं चौथं वर्ष : मराठीत कॉम्प्युटरचे रिव्ह्यू करणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीत कॉम्प्युटर-लॅपटॉपचे रिव्ह्यू करणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. तुम्ही मला ओळखायचं काही कारण नाही, पण तुमचा आवाज माझ्या काउंटरवर रोज येतो. गिऱ्हाईक खिशातून फोन काढतं, व्हिडिओ नेमक्या जागी आणून थांबवतं आणि माझ्या नाकापुढे धरतं. "हे बघा, हे काय म्हणतायत. आणि तुम्ही वेगळंच सांगताय." तेव्हा तुमच्याशी भांडता येत नाही, कारण तुम्ही फोनमध्ये असता. म्हणून हे पत्र.

विषय एकच, ऑल-इन-वन. स्क्रीनच्या पाठीतच सगळा कॉम्प्युटर बसवलेलं मशीन.

गेल्या महिन्यात मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातून असं एक मशीन माझ्याकडे आलं. २०२१ साली घेतलेलं, २३.८ इंची, पांढरं, दिसायला अजून देखणं. तक्रार अशी की तासाभरात आपोआप बंद पडतं. टेबलावर जुना टॉवेल अंथरला, मशीन पालथं घातलं, स्टँडचे स्क्रू काढले आणि प्लास्टिकची पट्टी फटीत सारून कडेकडेनं झाकण उचकटत गेलो. त्याच्या क्लिपा कट् कट् वाजत सुटतात. प्रत्येक आवाजाला गिऱ्हाईक डोळे मिटतं, आणि खरं सांगायचं तर मीही मिटतो. आत पंख्याची पाती दिसतच नव्हती. हीटसिंकच्या बारीक पत्र्यांमध्ये पिवळ्याजर्द धुळीचा थर इतका घट्ट बसला होता की चिमट्यानं ओढल्यावर अख्खी पट्टी निघाली. संध्याकाळपर्यंत दुकानात हळदीचा वास. घरी गेलो तर बायकोनं माझे हात बघून विचारलं, कुणाच्या हळदीला जाऊन आलात?

पंखा साफ झाला, मशीन बंद पडायचं थांबलं. पण ते रांगतच होतं. रॅम ४ जीबी, तीही बोर्डावर डकवलेली, वाढवायला खाच नाही. अडत्यांनी मला तो जुना व्हिडिओ दाखवला, जो बघून त्यांनी हे घेतलं होतं. तुमच्यापैकीच एकाचा. रात्री जेवण झाल्यावर मी तो शांतपणे पूर्ण पाहिला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. स्क्रीन चांगली आहे म्हटलं होतं, ती आजही चांगली आहे. टेबल मोकळं राहतं म्हटलं होतं, राहतं. पंख्याचा आवाज येत नाही म्हटलं होतं, आणि दहाव्या दिवशी तो येत नसणारच.

माझं गाऱ्हाणं इथून सुरू होतं. तुमची आणि त्या मशीनची गाठ पडते पहिल्या दहा दिवसांत. माझी पडते चौथ्या वर्षी. मधल्या काळात ते कुणाच्या तरी दुकानात धूळ खात असतं, आणि ऑल-इन-वनच्या बाबतीत सगळा निकाल त्या मधल्या काळात लागतो.

आधी माझंही पारदर्शक करून टाकतो, कारण पक्षपाताबद्दल बोलायचं तर सुरुवात घरातून करावी. मी असेंबल पीसी विकतो. कॅबिनेट, मदरबोर्ड, एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, मॉनिटर, प्रत्येकात मला चार पैसे सुटतात. पुढे रॅम वाढवायला, एसएसडी टाकायला तेच गिऱ्हाईक परत येतं. ऑल-इन-वन सीलबंद खोक्यात येतो, त्याची ऑनलाइन किंमत गिऱ्हाइकाला माझ्याआधी पाठ असते, आणि माझ्या हाती चहापाण्यापुरते उरतात. तेव्हा मी ऑल-इन-वनला नावं ठेवतो त्यात माझ्या पोटापाण्याचा आवाज मिसळलेला असतो, हे धरून चाला. शिवाय माझ्याकडे येतं ते आजारीच येतं. ज्यांचं मशीन सहा वर्षं सुरळीत चाललंय ते माझ्या दुकानाची पायरी कशाला चढतील? दवाखान्यात बसणाऱ्याला सगळं गाव आजारी वाटतं, तसं माझंही होत असणार.

आणि ऑल-इन-वनचं चांगलं काही दिसतच नाही असंही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमच्या पेठेतल्या एका कापड दुकानदारानं काउंटरवरचा ऑल-इन-वन काखेत मारला, अडॅप्टर खिशात कोंबला आणि वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला. शेजारच्याचा कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर होता. पाणी सगळ्यात आधी त्यालाच भेटलं. त्या महिन्यात मी चिखलानं भरलेले किती कॅबिनेट नळाखाली धरले, त्याची मोजदाद नाही. लाइट गेल्यावरही हेच. बहुतेक साध्या ऑल-इन-वनचा अडॅप्टर लॅपटॉपसारखा ६५ किंवा ९० वॉटचा असतो, म्हणून घरच्या छोट्या यूपीएसवरही ते बराच वेळ तग धरतं. डॉक्टरांच्या रिसेप्शनला, लॉजच्या काउंटरला, वायरींच्या जंजाळाला वैतागलेल्या आजोबांना मी स्वतः ऑल-इन-वन घ्या म्हणून सांगितलंय. तुमच्या बऱ्याच व्हिडिओंत हा यूपीएसचा मुद्दा नसतो, हे मात्र मला नवल वाटतं. तुमच्या स्टुडिओत लाइट जात नसावेत.

आता आतलं बोलू. खिडकीतल्या बाहुल्यासारखं मशीन गोल फिरवून दाखवता, कडा किती बारीक ते बोटांनी मोजून दाखवता, पण आत डेस्कटॉपच्या वेषात लॅपटॉप बसलाय हे ठसवून सांगत नाही. खोक्यावर 'कोअर आय३' लिहिलेलं असतं आणि तुम्ही ते तसंच वाचून दाखवता. आय३-१२१५यू आणि आय३-१२१०० ही नावं ऐकायला सख्ख्या भावांची. पहिला लॅपटॉपचा, १५ वॉटच्या हिशेबानं बनवलेला, दोन जोमदार आणि चार काटकसरी कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक गडी). दुसरा डेस्कटॉपचा, ६० वॉटचा, चारही कोअर जोमदार. पातळ मशीनमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून पहिला बसवावा लागतो. त्यात फसवणूक नाही, त्या रचनेची ती अटच आहे. पण "हा डेस्कटॉप आहे" असं तुम्ही बिनदिक्कत म्हणता, तेव्हा त्या शेवटच्या 'यू' अक्षराचा अर्थ सांगायचं काम कुणाचं?

एएमडीच्या नावांत तर त्याहून मौज. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७४३०यू. शाळेतलं पोरही सांगेल की ७५२० मोठा. प्रत्यक्षात त्या पद्धतीत तिसरा आकडा पाहायचा असतो, तो आतली बांधणी सांगतो. ७५२०यू मध्ये तिथं २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ साली आलेली बांधणी, आणि चारच कोअर. ७४३०यू मध्ये ३ आहे, म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. वर पहिल्याची रॅम एलपीडीडीआर५ प्रकारची, बोर्डावर डकवलेलीच येते. एवढं एक मिनिटात सांगून होतं. तुमच्या चौदा मिनिटांत खोकं फोडायलाच तीन जातात.

हे झालं किरकोळ. मुख्य गोष्ट वेगळी आहे.

स्क्रीनचं आयुष्य आणि कॉम्प्युटरचं आयुष्य सारखं नसतं. चांगलं पॅनल दहा-बारा वर्षं सहज चालतं. आतला बोर्ड पाच-सहा वर्षांत मागे पडतो. असेंबल पीसीत दोघं शेजारी राहतात, एक गेला तर दुसरा राहतो. ऑल-इन-वनमध्ये दोघांची लग्नगाठ कारखान्यातच बांधलेली असते, आणि एकाबरोबर दुसऱ्याला सती जावं लागतं. ऑक्टोबर २०२५ नंतर माझ्याकडे हेच चालू आहे. १४ तारखेला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, आणि थोडे अपवाद सोडले तर इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी हवी. सहाव्या-सातव्या पिढीचा टॉवर घेऊन आलेल्याला मी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलून देतो. मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट तेच राहतं. ऑल-इन-वन घेऊन आलेल्याला काय सांगू? त्याचा बोर्ड त्याच मशीनच्या मापाचा कापलेला, बाजारात दुसरा मिळत नाही, आणि त्याची स्क्रीन तर माझ्या दुकानातल्या नव्या मॉनिटरपेक्षा सरस.

हे फक्त स्वस्त मशीनचं दुखणं आहे असं समजू नका. ॲपलनं २०१४ च्या ऑक्टोबरात २७ इंची आयमॅकला ५के स्क्रीन दिली, ५१२० बाय २८८० पिक्सेलची. आजही त्या स्क्रीनवर मराठी मजकूर वाचताना जोडाक्षरं छापल्यासारखी दिसतात. पण त्या पहिल्या ५के आयमॅकना नवी मॅकओएस मिळायची कधीच थांबली, आणि आधीच्या काही आयमॅकमध्ये असलेली, म्हणजे वायर जोडून आयमॅकलाच मॉनिटर म्हणून वापरायची, सोय ५के मॉडेलमध्ये दिलेलीच नव्हती. तेव्हा जगातल्या उत्तम स्क्रीनपैकी एक आणि तिच्या पाठीत थकलेला कॉम्प्युटर, अशी जोडी लोकांच्या टेबलावर बसून आहे. मार्च २०२२ मध्ये ॲपलनं २७ इंची आयमॅक विकणं थांबवलं आणि त्याच महिन्यात त्याच आकाराची, तेवढ्याच पिक्सेलची स्क्रीन सुटी विकायला काढली. भारतात किंमत ₹१,५९,९००. तेव्हा कॉम्प्युटरसकट २४ इंची आयमॅक सुरू होत होता ₹१,१९,९०० पासून. स्क्रीनचं मोल कंपनीला पक्कं ठाऊक आहे, हे यावरून कळतं. ते गिऱ्हाइकाला सांगायचं राहून जातं.

आयमॅकचा विषय निघालाच आहे तर तुमच्यातल्या दोन टोळ्यांबद्दलही बोलतो. एका टोळीला आयमॅकमध्ये दोष दिसत नाही, दुसरीला त्यात किमतीशिवाय काही दिसत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पहिल्यांनी २०२१ च्या एम१ आयमॅकची ११.५ मिलिमीटर जाडी इतकी मिरवली की विचारू नका. हेडफोनची पिन मागून आत जायला तेवढी खोली पुरत नाही म्हणून ते भोक बाजूला न्यावं लागलं, आणि वीजपुरवठ्याचा ठोकळा मशीनमधून काढून जमिनीवर ठेवावा लागला, हे 'कल्पक' म्हणून सांगितलं गेलं. सगळ्यात स्वस्त मॉडेलच्या अडॅप्टरला लॅनची, म्हणजे नेटची वायर लावायची, जागाही नव्हती, ती वेगळे पैसे भरून मिळायची. स्क्रीनची उंची खालीवर होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका वास्तुविशारद बाईंचा आयमॅक दोन जाड टेलिफोन डिरेक्टरींवर उभा आहे. त्या डिरेक्टरींचा एवढा चांगला उपयोग दुसरा नसेल.

दुसऱ्या टोळीचं तर्कट असं की "एवढ्या पैशांत मी दुप्पट वेगाचा पीसी बांधून देतो." देशील बाबा, पण त्यात साडेचार हजार पिक्सेल रुंदीची, ५०० निट्स उजेडाची स्क्रीन धरलीस का? तशी स्क्रीन सुटी घ्यायला गेलं की हिशेब कसा फिरतो ते वर आलंच आहे. एम४ आयमॅक भारतात ₹१,३४,९०० पासून आला आणि त्याच चिपचा, पण स्क्रीन नसलेला छोटा मॅक मिनी ₹५९,९०० पासून. खरी तुलना ह्या दोघांत आहे, एकाच कंपनीच्या दोन वस्तूंत. मिनीला जोडलेला मॉनिटर मिनी गेल्यावरही राहतो. पण दोन्ही टोळ्यांना आपापल्या प्रेक्षकांना खूश ठेवायचं असतं, आणि ह्या तुलनेत टाळी कुणालाच मिळत नाही.

मॅकवाल्या आणि विंडोजवाल्या, दोघांच्याही रिव्ह्यूत एक पक्षपात असा आहे की तो तुम्हाला स्वतःला दिसणं अवघड आहे, कारण त्यात पैशाचा संबंधच नाही. तुमचा धंदा व्हिडिओचा. म्हणून कुठलंही मशीन तुम्ही व्हिडिओ एक्स्पोर्ट करून जोखता. "चार मिनिटांत झाला, त्यात सहा लागले." सांगलीतल्या माझ्या गिऱ्हाइकांपैकी व्हिडिओ एक्स्पोर्ट करणारे दोन, दोघंही लग्नाचे फोटोग्राफर. बाकीच्यांना टॅली हवं, जे मॅकवर थेट बसत नाही. छापखानेवाल्याला वीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टमधल्या लग्नपत्रिका उघडायला हव्यात. सीएच्या ऑफिसला एकाच वेळी डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह लावायचा असतो, आणि ऑल-इन-वनच्या मागे यूएसबीच्या जागा इतक्या कोपऱ्यात की बोटानं चाचपत लावावं लागतं. सेतू केंद्रातल्या मुलीला अंगठ्याचं मशीन लावून दिवसभर ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब उघडे ठेवायचे असतात. तिथं ८ जीबी रॅम दुपारी तीनला दम टाकते. तुमचं कुठलंच बेंचमार्क दुपारी तीनचं नसतं.

आता पैशाचं. हा विषय काढला की तुम्ही दुखावता, म्हणून आधीच सांगतो: व्हिडिओखाली येऊन "विकला गेलास" म्हणून शिव्या घालणाऱ्यांच्या मी बाजूचा नाही. त्यातल्या निम्म्यांनी दुसरं मशीन आधीच विकत घेतलेलं असतं आणि आपण चुकलो नाही एवढंच त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. तोही पक्षपातच, प्रेक्षकाचा. पदरचे साठ हजार घातले की वस्तूवर जीव जडतो.

पण नियम आहेत आणि ते तुम्हाला माहीत आहेत. जाहिरात मानक परिषदेनं जून २०२१ पासून सांगितलंय की कंपनीशी आर्थिक किंवा वस्तूंचा संबंध असेल तर तसं लेबल लावा. दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत, वस्तूबद्दल बोलणं चालू असेपर्यंत ते दिसत राहिलं पाहिजे. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये आणखी स्पष्ट केलं: खुलासा व्हिडिओतच हवा, नुसता खालच्या वर्णनात नको, आणि तो दिसलाही पाहिजे व ऐकूही आला पाहिजे. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, सगळं त्यात मोडतं, न मागता आलेली भेटसुद्धा. मोडला नियम तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा मोडला तर ५० लाखांपर्यंत. आणि तुम्ही काय करता? कोपऱ्यात इंग्रजीत बारीक अक्षरांत चार सेकंद काहीतरी चमकतं आणि जातं. अख्खा व्हिडिओ मराठीत, आणि नेमकी तेवढीच ओळ इंग्रजीत. 'ही जाहिरात आहे' हे तीन शब्द मराठीत म्हणायला जीभ का अडखळते?

तरी पैसे घेतलेला व्हिडिओ ओळखता येतो. अवघड असतो तो मिंधेपणा. डिसेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि एएमडीनं अमेरिकेतल्या काही ब्लॉगलेखकांना विंडोज व्हिस्टा घातलेले एसरचे महागडे फेरारी लॅपटॉप धाडले, ठेवून घ्या म्हणून. कुणी 'चांगलं लिहा' असं म्हटलं नव्हतं. गहजब झाला, मग मायक्रोसॉफ्टनं निरोप दिला की परत करा किंवा दुसऱ्या कुणाला देऊन टाका. खाल्ल्या मिठाला जागणं हा आपल्याकडे सद्गुण आहे, आणि इथं तोच आड येतो. उलट टोक डिसेंबर २०२० चं. एनव्हिडियानं हार्डवेअर अनबॉक्स्ड ह्या ऑस्ट्रेलियन चॅनलला कळवलं की यापुढे आमची ग्राफिक्स कार्डं तुम्हाला रिव्ह्यूला पाठवणार नाही, कारण तुम्ही रे ट्रेसिंगला, म्हणजे गेममधला उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायच्या तंत्राला, पुरेसं महत्त्व देत नाही. जगभरच्या रिव्ह्यूकारांनी आरडाओरडा केला, दोन-चार दिवसांत कंपनीनं माघार घेऊन माफी मागितली. त्यांच्या पाठीशी लाखो प्रेक्षक होते. तुमच्यापैकी वीस-तीस हजार सबस्क्रायबर असलेल्या, साताऱ्यात किंवा नांदेडात एका खोलीत शूटिंग करणाऱ्या पोराला असा मेल आला तर त्याच्यासाठी कोण ओरडणार? तो पुढच्या वेळी हातचं राखूनच बोलेल. त्याला मी दोष देत नाही.

म्हणून एक सुचवतो. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था १९३६ पासून चालते. वस्तू स्वतःच्या पैशांनी दुकानातून विकत घेते, मग तपासते. कंपनीनं निवडून पाठवलेला नमुना घेत नाही. एवढ्या पैशांची संस्था उभी करा असं मी म्हणत नाही. पण वर्गणी काढणं आपल्याला कुणी शिकवायला नको, गल्लीतला गणपती त्यावरच बसतो. एकत्र येऊन खरेदी करायची सवयही जुनीच आहे, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून ते करत आली आहे. तुम्ही सात-आठ जण मिळून वर्षाला दोन ऑल-इन-वन विकत घ्या, साध्या दुकानातून, साध्या गिऱ्हाइकासारखे रांगेत उभे राहून. जमलं तर प्रेक्षकांकडून शंभर-शंभर रुपये घ्या, आणि पावती व्हिडिओत दाखवा.

रिव्ह्यू झाला की ते मशीन परत विकू नका. एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेला किंवा गावच्या वाचनालयाला देऊन टाका. तिथं खडूची धूळ आहे, पाल आहे, लाइटचा लपंडाव आहे, आणि एका मशीनवर चाळीस पोरांचे हात आहेत. मग तीन वर्षांनी कॅमेरा घेऊन तिथं परत जा. मशीन चालू करायला किती वेळ लागतो ते न कापता दाखवा. मास्तरांना विचारा. पाठ उघडा, पंख्यात काय साठलंय ते दाखवा. मदरबोर्ड मिळतो का, पॅनलचा भाव किती, सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते सांगा. हा व्हिडिओ कदाचित पहिल्याच्या दहाव्या हिश्श्यानंही बघितला जाणार नाही, हे मला कळतं. पण माझ्या काउंटरवर गिऱ्हाईक तो व्हिडिओ घेऊन आलं तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

तोवर पहिल्या दहा दिवसांच्या रिव्ह्यूतही दोन गोष्टी सहज बसतील. एक म्हणजे मशीन पालथं घालून मागचं झाकण उघडून दाखवणं: रॅमला खाच आहे का, एसएसडी बदलते का. कंपनीचं मशीन म्हणून उघडायला भीती वाटत असेल तर तेच सांगा, "मला उघडायची परवानगी नाही", यातूनही गिऱ्हाइकाला पुष्कळ कळेल. दुसरं म्हणजे मागे एचडीएमआय इनपुट आहे का ते सांगणं. इनपुट हा शब्द नीट, दोनदा सांगा, कारण बहुतेकांना नुसतं एचडीएमआय पुरेसं वाटतं आणि बहुतेक मशीनवर असतं ते आउटपुट. इनपुट असेल तर आतला कॉम्प्युटर मेला तरी स्क्रीन विधवा होत नाही, दुसरा लॅपटॉप जोडून तिचा मॉनिटर होतो. असे ऑल-इन-वन बाजारात आहेत. मी आजवर शिफारस केली ती त्यांचीच.

अडत्यांच्या मशीनला तसं इनपुट नव्हतं. मी त्यांना विचारून पॅनल बाहेर काढलं, पाठीवरचा नंबर बघून त्याला जुळणारा हजार-दीड हजारांचा कंट्रोलर बोर्ड मागवला, मशीनच्या रिकाम्या पोकळीत दुपदरी टेपनं बसवला, आणि जिथं आधी डीव्हीडी ड्राइव्हची जागा होती तिथून एचडीएमआयची वायर बाहेर काढली. आता त्या स्क्रीनला शेजारी उभा केलेला छोटा पीसी जोडलाय. त्यात टॅली पळतं. अडते खूश आहेत, फक्त टेबलावर आता दोन वायरी जास्त झाल्यात म्हणून अधूनमधून कुरकुरतात.

त्या मशीनचा जुना बोर्ड आणि पंखा मी ठेवून दिलाय, आणि पिवळ्या धुळीची ती पट्टी एका काचेच्या बरणीत. तुमच्यापैकी कुणाला शूट करायला हवं असेल तर या. दुकान सकाळी दहाला उघडतं, दुपारी दीड ते साडेतीन बंद असतं. कॅमेऱ्यापुढे बोलायची मला सवय नाही, पण उघडलेलं मशीन टेबलावर असलं की बोलता येतं. चहा माझ्याकडून, आणि त्याचा खुलासा तुम्ही व्हिडिओत जरूर करा.

कळावे,

आपला,
सांगलीतला एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला